स्नेल राऊंडहँड कुठे शोभतो आणि कुठे मोडतो

प्रश्न असा: बहिणीच्या लग्नाची पत्रिका घरच्या मॅकवरच तयार केली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी बाजू सबंध स्नेल राऊंडहँड या जोडून लिहिल्यासारख्या इंग्रजी फॉण्टमध्ये लावली. स्क्रीनवर ती देखणी दिसत होती. छापखान्यातून नमुना आला तेव्हा कार्यालयाचा पत्ता वाचवेना, बारीक रेघा मध्येच तुटलेल्या, आणि मराठी बाजूसाठी या अक्षरांना जुळेलसा फॉण्ट तर काही केल्या सापडत नाही. मग हा फॉण्ट नेमका आहे तरी कशासाठी?

उत्तर आधी देतो: नावांसाठी. फार तर एखाद्या ओळीसाठी. वधूवरांची नावं स्नेलमध्ये ठेवा, बाकी सगळा मजकूर त्यातून बाहेर काढा, आणि मराठी बाजूला त्याची नक्कल शोधणं सोडून द्या. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे. हे अक्षर एका विशिष्ट लेखणीचं आणि एका विशिष्ट छपाईचं आहे, आणि ती लेखणी व ती छपाई दोन्ही तुमच्या पत्रिकेपासून फार लांब आहेत.

राऊंडहँड हे टोकदार पिसाच्या लेखणीचं वळण. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये ते रुजलं आणि अठराव्या शतकात व्यापारी, वकील, कारकून यांच्या रोजच्या कामाचं अक्षर झालं. लेखणीचं टोक मधोमध चिरलेलं असे. हात खाली येताना दाब दिला की चीर उघडते आणि रेघ फुगते. वर जाताना दाब काढला की चीर मिटते आणि केसाएवढी रेघ उरते. म्हणजे जाडी येते ती दाबातून, टोकाच्या रुंदीतून नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, देवनागरीकडे आलो की पुन्हा लागणार आहे. अक्षरं उजवीकडे कललेली. कॉपरप्लेट (याच वळणाचं आजचं नाव) शिकवणारे आजही आडव्या रेघेशी साधारण ५५ अंशांचा कल धरायला सांगतात. आणि प्रत्येक अक्षर जिथे संपतं तिथूनच पुढचं सुरू होतं, त्यामुळे शब्दभर हात फारसा उचलावा लागत नाही.

आता हे वळण शिकवायचं तर कित्ते हवेत, आणि कित्ते छापायचे तर तांब्याच्या पत्र्यावर कोरून. कोरणाऱ्याच्या हातातलं पोलादी हत्यार लेखणीपेक्षाही बारीक रेघ काढू शकतं, त्यामुळे छापील कित्त्यातली अक्षरं मूळ हस्ताक्षराहून नाजूक होत गेली आणि विद्यार्थी ती पाहून आणखी नाजूक लिहू लागले. लंडनच्या जॉर्ज बिकमने १७३३ ते १७४१ या काळात त्या वेळच्या पंचवीस लेखनगुरूंचे नमुने कोरून भागाभागाने प्रसिद्ध केले. पूर्ण संच २१२ पत्र्यांचा. त्या पानांकडे पाहिलं की ही केसासारखी रेघ कुठून आली ते डोळ्यांनी दिसतं: कोरलेल्या खाचेत शाई भरायची, वरचा पत्रा पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद जोराने दाबायचा. त्या छपाईत बारीक रेघ कधी तुटत नाही, कारण शाई खाचेत धरून ठेवलेली असते. ऑफसेटमध्ये, म्हणजे आजच्या नेहमीच्या छपाईत, अशी खाच नसते.

(आपल्याकडच्या शाळांत इंग्रजीच्या चार रेघी वहीत जे जोडून लिहायला शिकवतात ते याच घराण्याचं दूरचं नातवंड. म्हणून हा फॉण्ट आपल्याला परका वाटत नाही, उलट जरा जास्तच ‘चांगलं अक्षर’ वाटतो.)

फॉण्टला नाव मिळालं ते चार्ल्स स्नेल या लंडनच्या लेखनगुरूचं. जन्म १६६७, मृत्यू १७३३. हा माणूस शिस्तीचा. त्या काळचे बरेच गुरू एका दमात हंस, मासे, देवदूत काढून दाखवत आणि त्यातून विद्यार्थी ओढत. स्नेलला या फुलोऱ्याचा तिटकारा. अक्षराची उंची, रुंदी, कल, फुगवटा सगळं नियमात बसवता येतं असं त्याचं म्हणणं, आणि त्यावरून जॉन क्लार्क या दुसऱ्या गुरूशी त्याचा छापील वादही झाला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं हे की त्याचं अक्षर एकसारखं होतं. एन आणि एम मधली कमान सारखी, प्रत्येक अक्षराची शेपटी सारख्याच उंचीवर सुटणारी. जवळजवळ अडीचशे वर्षांनी हाच गुण कामाला आला.

मधली अडीचशे वर्षं छापखान्याला जोडाक्षरी वळण जमलंच नाही असं नाही, पण त्रास फार होता. धातूचा खिळा चौकोनी. कललेलं अक्षर चौकोनात बसवायचं तर त्याचा काही भाग खिळ्याबाहेर लोंबणार, आणि लोंबणारी बारीक शेपटी पहिल्या काही हजार प्रतींतच मोडणार. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये फर्मँ दिदोने तिरप्या अंगाचे, एकमेकांत अडकणारे खिळे करून यावर तोड काढली. ते खिळे सुंदर होते, पण जुळवणाऱ्याचा अंत पाहणारे होते. दोन खिळ्यांच्या सांध्यावर केसभर फट राहिली तरी शब्द फाटल्यासारखा दिसे.

फोटोटाइपसेटिंग आलं आणि खिळाच नाहीसा झाला. अक्षर म्हणजे काचेवरचं निगेटिव्ह. प्रकाशाने ते फिल्मवर उमटवायचं. एकावर एक दोन अक्षरं थोडी चढली तरी बिघडत नाही, उलट सांधा बेमालूम होतो. १९६५ मध्ये मॅथ्यू कार्टर हा तिशीच्या आतला इंग्रज ब्रुकलिनच्या मर्गेनथालर लायनोटाइपमध्ये रुजू झाला. नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या एन्शेडे छापखान्यात तो हाताने पंच, म्हणजे खिळ्यांसाठीचे पोलादी ठसे, कोरायला शिकला होता, म्हणजे धातूच्या अडचणी त्याला बोटांनी माहीत होत्या. नव्या यंत्राला धातूत न जमणारं काय जमतं हे दाखवायला त्याने जोडून चालणारं वळण निवडलं आणि १९६५-६६ मध्ये स्नेल राऊंडहँड तयार झाला. यंत्राची एक अट होती: एमचे (एम म्हणजे फॉण्टच्या आकाराएवढी रुंदी) १८ भाग, आणि प्रत्येक अक्षराची रुंदी या भागांच्या पूर्ण पटीतच. हस्ताक्षर असं मापात बसत नाही. नियम घालून लिहिणाऱ्या स्नेलचं मात्र बसलं. कार्टरची निवड मला म्हणूनच हुशारीची वाटते. त्याने सर्वांत देखणं राऊंडहँड न घेता सर्वांत आज्ञाधारक घेतलं. याच कार्टरने पुढे जॉर्जिया आणि व्हर्डाना केले, तेव्हा त्याचं काम तुम्ही रोज वाचत आहात.

फॉण्टचा स्वभाव यातूनच येतो. स्नेल नाजूक आहे, पण लाडिक नाही. शेपट्या आखूड, कॅपिटल अक्षरांचे वळसे मोजके, चाल संथ. कार्टरनेच १९७२ मध्ये शेली स्क्रिप्ट केला तो तीन पायऱ्यांत, अंदान्ते, आलेग्रो आणि व्होलान्ते, आणि फुलोरा त्या क्रमाने वाढत जातो. रिचर्ड लिप्टनचा बिकम स्क्रिप्ट, १९९७ चा, बिकमच्या पत्र्यांवरूनच केलेला. त्यात एकाच अक्षराची इतकी पर्यायी रूपं आहेत की नवशिक्या माणूस दोन नावांत पत्रिका भरून टाकतो. तुमच्या मॅकवर झापफिनोही असेल. हेर्मान झापफने युद्धाच्या काळात वहीत काढलेल्या अक्षरांवरून १९९८ मध्ये तो लायनोटाइपसाठी झाला. पण झापफिनो टोकदार निबचा नाही, रुंद निबचा आहे. त्याच्या शेपट्या वरच्या आणि खालच्या ओळीत मुक्तपणे घुसतात, आणि अनेक सॉफ्टवेअरमध्ये त्या चौकटीबाहेर कापल्या जातात. एक शब्द, मोठी मोकळी जागा, असं असेल तर झापफिनो. दोन नावं आणि मधे एक ‘आणि’ असेल तर स्नेल. माझी आवड विचाराल तर लग्नाच्या पत्रिकेत मी दहापैकी नऊ वेळा स्नेलच घेईन, आणि अत्तराच्या बाटलीवर एकदाही घेणार नाही, कारण तिथे तो गेली कित्येक वर्षं इतका चोपडला गेलाय की माल कुणाचा ते कळत नाही.

आता तुमचा पत्ता का वाचवत नाही ते पाहू. स्नेलमध्ये लहान अक्षरांची उंची कॅपिटलच्या मानाने बरीच कमी आहे. १२ पॉइंट लावलेला स्नेल डोळ्याला ९ पॉइंटच्या साध्या अक्षरासारखा भासतो. त्यात प्रत्येक अक्षर पुढच्याला चिकटलेलं, म्हणजे शब्दाचा आकार ओळखीचा असेल तरच डोळा धावतो. ‘वेडिंग’ हा शब्द ओळखीचा आहे, वाचला जातो. ‘गेंदालाल मिल रोड’ किंवा ‘कर्वेनगर’ रोमन लिपीत पाहुण्याला ओळखीचं नसतं. तो एकेक अक्षर सोडवू लागतो आणि तिथे एन, यू, एम, डब्ल्यू सगळ्या सारख्याच लाटा. आपली आडनावं आणि गावांची नावं रोमनमध्ये लांबलचक होतात, हा इंग्रजांना न पडलेला प्रश्न आपल्याला पडतो.

कॅपिटलचं दुखणं वेगळं. ती अक्षरं शब्दाच्या दारात एकटं उभं राहण्यासाठी काढलेली असतात. ओळीने तीन कॅपिटल आली की त्यांचे वळसे एकमेकांत अडकतात. आपल्या पत्रिकांत हे हमखास येतं: नाव, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग आडनाव, मग बी.ई., एम.बी.ए., एम.डी. आद्याक्षरं आणि पदव्या स्नेलमध्ये लावू नका. एकतर पूर्ण नाव लिहा, किंवा पदवी खालच्या ओळीत साध्या अक्षरात घ्या. (पदवी गाळायचा सल्ला मी द्यायचो, वधूपित्यांशी त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही हे आता मान्य केलंय.) शिवाय राऊंडहँडच्या कुळातच कॅपिटल आय आणि जे, तसेच टी आणि एफ सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. जया, इशा, तन्वी, फाल्गुनी अशा नावांचा नमुना घरातल्या वयस्कर माणसाला दाखवून वाचून घ्या. अख्खा शब्द कॅपिटलमध्ये, तोही जोडून चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, हे तर कधीच नको.

तारीख, वेळ, फोन नंबर, पत्ता, ‘कृपया आहेर आणू नयेत’ हे सगळं वेगळ्या अक्षरात. कोणत्या? स्नेलच्या शेजारी मी बास्करव्हिल लावतो, आणि त्याला कारण आहे. जॉन बास्करव्हिल अठराव्या शतकात बर्मिंगहॅममध्ये छापखाना काढण्याआधी स्वतः लेखनगुरू होता. त्याच्या उभ्या रोमन अक्षरांत राऊंडहँडचा हात लपलेला आहे. गोलाई, जाड-बारीकचा तोल, शेपट्यांचा डौल, सगळं एकाच काळाचं आणि एकाच देशाचं. तोही मॅकवर मिळतो. बोदोनी किंवा दिदो शेजारी फार श्रीमंत दिसतात, पण त्यांच्याही बारीक रेघा तितक्याच नाजूक, म्हणजे छपाईचं एक संकट टाळायला गेलात आणि दुसरं घरी आणलंत. ठसठशीत सान्सही (टोकांना शेपट्या नसलेलं साधं अक्षर) चालतो, जर पत्रिकेचा एकूण बाज आजचा असेल तर. दोन स्क्रिप्ट फॉण्ट मात्र एका पानावर कधीच नाही.

जुळणीतल्या दोन गोष्टी झटपट सांगतो. ट्रॅकिंग शून्य ठेवा. अक्षरांमधलं अंतर जरा वाढवलं की सांधे सुटतात, जरा कमी केलं की सांध्यावर गाठी येतात. मजकूर दोन्ही कडांना जुळवून लावला असेल तर सॉफ्टवेअर गुपचूप अक्षरांमधलं अंतर बदलतं. म्हणून स्क्रिप्टची ओळ कायम मधोमध किंवा एका कडेला. मधोमध लावताना डोळ्याने थोडी सरकवावी लागते, कारण पहिल्या कॅपिटलचा वळसा डावीकडे पसरतो आणि मशिनला तो अक्षराचाच भाग वाटतो.

तुटलेल्या रेघांचा हिशोब सोपा आहे. समजा एखाद्या स्क्रिप्टची बारीक रेघ एमच्या पन्नासाव्या भागाएवढी आहे. १२ पॉइंटला ती ०.२४ पॉइंट, म्हणजे ०.०८५ मिलिमीटर. घरच्या ६०० डीपीआय लेझर प्रिंटरचा एक ठिपका ०.०४२ मिलिमीटरचा, म्हणजे तुमची रेघ जेमतेम दोन ठिपक्यांची. ऑफसेटवाले साधारण पाव पॉइंटच्या खालची रेघ देऊ नका म्हणतात, आणि गडद रंगात पांढरी अक्षरं सोडायची असतील तर अर्धा पॉइंट. तीच रेघ ३६ पॉइंटला ०.७२ पॉइंट होते आणि निर्धास्त छापली जाते. तुमच्या फॉण्टची खरी रेघ किती ते पाहायचं तर अक्षर ठरलेल्या आकारात कर्व्ह करा (म्हणजे फॉण्टचं अक्षर न ठेवता त्याची आकृती करा) आणि सर्वांत बारीक जागी मापून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

यात फोटोटाइपसेटिंगचा एक वारसाही आडवा येतो. धातूच्या काळात प्रत्येक आकाराचे खिळे वेगळे कोरत, आणि लहान आकारात बारीक रेघ मुद्दाम थोडी जाड ठेवत. काचेवरच्या निगेटिव्हचं तसं नाही. भिंगाने तेच अक्षर लहान किंवा मोठं करायचं. आज तुमच्या मॅकवर जो स्नेल आहे त्यालाही आकारानुसार वेगळी रूपं नाहीत. बोल्ड आणि ब्लॅक ही वजनं आहेत, पण त्यांत जाड रेघ जितकी भरते तितकी बारीक रेघ भरत नाही. बोल्ड म्हणजे लहान आकारासाठीचं औषध, हा समज खरा नाही.

रंगाचाही भाग आहे. पत्रिकेला मरून किंवा कुंकवाचा लाल हवा असतो. तो चार रंगांच्या मिश्रणातून काढला तर रेघ जाळीच्या ठिपक्यांत मोडते, आणि प्लेट केसभर सरकली तरी कडेला गुलाबी सावली दिसते. स्क्रिप्टची ओळ एकाच शाईत छापा. मशिनवाल्याला तयार केलेला लाल स्वतंत्र रंग म्हणून द्या. हातकागद किंवा खरखरीत कागद असेल तर शाई खोलगट भागात पोचत नाही, तिथे आकार आणखी वाढवा. सोनेरी फॉइलमध्ये उलट संकट: बारीक रेघ सुटते आणि लहान ई चा डोळा (आतली मोकळी जागा) भरून जातो. फॉइलसाठी मी नावांना अगदी किरकोळ, दशांश पॉइंटची आउटलाइन देतो. शुद्धतावाद्यांना ते पटणार नाही. त्यांनी फॉइल उडालेली पाचशे पाकिटं मोजून पाहावीत.

आणि एक फसगत फक्त जोडून चालणाऱ्या फॉण्टमध्येच होते. कर्व्ह केल्यावर प्रत्येक अक्षर वेगळा आकार असतो आणि सांध्यावर दोन आकार एकमेकांवर चढलेले असतात. कोरल ड्रॉमध्ये ते नुसते कम्बाइन केले तर चढलेल्या जागी पांढरी भोकं पडतात. लेझर कटिंगला किंवा फॉइलच्या ठशाला तीच फाइल गेली तर सांध्यावर आडवे छेद येतात. कम्बाइन नाही, वेल्ड करायचं, म्हणजे सगळे आकार मिळून एकच आकार होतो. मगच आउटलाइन द्यायची.

आता देवनागरी. इथे मला जरा थांबायचंय, कारण बहुतेक लोक इथे चूक करतात आणि दोष फॉण्ट न मिळण्याला देतात.

देवनागरी बोरूची लिपी आहे. बोरूचं टोक रुंद, तिरका कत दिलेलं. जाडी दाबातून येत नाही. टोक कोणत्या दिशेला धरलंय आणि हात कोणत्या दिशेला जातोय त्यावर येते. रोमन लिहिताना रुंद निब ज्या बाजूला कलती धरतात त्याच्या उलट कल देवनागरीत असतो, म्हणून जाड-बारीक वेगळ्याच जागी पडतं. शिरोरेघही भरीव आणि कणाही (अक्षराची उभी रेघ) भरीव. आता टोकदार निबने देवनागरी लिहून पाहा. चीर उघडते ती हात खाली ओढताना. आडव्या रेघेला ती उघडतच नाही. म्हणजे कणा फुगणार आणि शिरोरेघ केसाएवढी होणार. जी रेघ शब्द बांधून धरते तीच सर्वांत अशक्त. ‘स्नेलसारखी देवनागरी’ असं काही बनवलंच तर त्याचं हाड असं ठिसूळ राहणार. छापताना पहिली शिरोरेघच तुटेल. हुशार अक्षरकार यातूनही वाट काढेल, पण ते स्नेलचं मराठी रूप नसेल, नवं अक्षर असेल.

कलण्याचंही तसंच. साधी देवनागरी कोरल ड्रॉमध्ये तिरकी केली की इटालिक होत नाही. शिरोरेघ जागेवर राहते, कणे पडल्यासारखे होतात, रफार आणि अनुस्वार उजवीकडे सरकून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातात, आणि वेलांटीची कमान चेपते. ‘सौ.’ आणि ‘चि.’ यांतल्या मात्रा-वेलांट्यांकडे बघा, लगेच दिसेल.

वाहत्या, न थांबणाऱ्या लेखणीचं मराठी वळण आपल्याकडे होतं, ते मोडी. आधी पानभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता अक्षरामागून अक्षर. वृत्तीने राऊंडहँडच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट तीच: कारकुनाची, वेगाची, जोडून चालणारी. हत्यार मात्र बोरूच. हौशी लोक आता पत्रिकेवर नावं मोडीत घालतात, आणि छान दिसतात. पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळेतून गेली, तुमच्या पाहुण्यांपैकी ती वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. म्हणून मोडी ही सजावट समजा आणि तेच नाव खाली देवनागरीत द्या. रुखवतावर आणि निमंत्रणाच्या पाकिटावर ती मला सर्वांत आवडते.

तुमच्यासाठी माझा सल्ला: मराठी बाजूला देवनागरीला तिच्या हाताने राहू द्या. दोन्ही बाजूंचं नातं अक्षराच्या आकारातून जोडू नका. रंग, समास, ओळींमधली मोकळीक आणि नावांचा आकार यांतून जोडा. इंग्रजी बाजूला नावं जितकी जागा घेतात तितकीच मराठी बाजूला घेऊ द्या. मजकुरासाठी बोरूचा वारसा सांभाळणारा फॉण्ट हवा. तिरो देवनागरी मराठी हा मोफत मिळतो, बास्करव्हिलच्या शेजारी शोभतो, आणि मराठी वळणासाठी वेगळा काढलेला आहे. इंग्रजी बाजूला सान्स घेतला असेल तर मराठीला एक टाइपचा मुक्त, हलक्या वजनात. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे ओळींमधलं अंतर रोमनपेक्षा जास्त लागतं. तेच आकडे दोन्ही बाजूंना लावलेत तर मराठी बाजू कोंदट दिसेल.

नावांसाठी खरोखरच वाहतं अक्षर हवं असेल तर फॉण्ट शोधत बसू नका, सुलेखनकाराकडून दोन नावं लिहून घ्या. मराठी माणसाला हे नवं नाही. कमल शेडगे यांनी नाटकांची नावं अशी काढली की जाहिरातीत नुसतं शीर्षक बघून नाटकाचा रंग कळे; ती अक्षरं त्या एका शब्दासाठी काढलेली असत. दोन नावं म्हणजे आठ-दहा अक्षरं. फॉण्टला हजारो शब्दांत सारखं वागावं लागतं, त्या दोन नावांना तशी सक्ती नाही. कोणत्या अक्षराची वेलांटी कुठवर न्यायची हे नाव पाहून ठरवता येतं.

मराठी बाजूचं प्रूफ वाचताना तीन जागा बघा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना; बऱ्याच फॉण्टमध्ये मूळ रूप हिंदी वळणाचं असतं आणि सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच आपलं रूप येतं. ‘शुभविवाह’ हा शब्दच ‘श’ने सुरू होतो, तेव्हा चूक पहिल्याच अक्षरात दिसते. दुसरं, ‘वऱ्हाडी’ मधला अर्धा र. तो रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसलेला मी छापील पत्रिकांत पाहिलाय. तिसरं, ‘श्री’ आणि ‘कृपाभिलाषी’ मधलं जोडाक्षर व ऋकार सुटे पडले नाहीत ना. अनेक छापखान्यांत अजून युनिकोडच्या आधीचे फॉण्ट चालतात. तुमचा मजकूर तिथे चिकटवला की भलतीच अक्षरं उमटतात आणि मग ऑपरेटर घाईत पुन्हा टाइप करतो. मजकूर देऊ नका, कर्व्ह केलेली पीडीएफ द्या.

परवान्याबद्दल एक वाक्य. मॅकसोबत आलेला स्नेल तुम्ही पत्रिकेत वापरू शकता, पण फॉण्टची फाइल छापखान्याला किंवा मित्राला पाठवणं, किंवा लग्नाच्या वेबसाइटवर चढवणं, यासाठी वेगळा परवाना लागतो. वेबसाइटवर नुसतं नाव लिहून भागत नाही. विंडोज आणि अँड्रॉइडवर तो नसतो, आणि पाहुण्याला तिथे भलतंच काहीतरी दिसतं. वेबसाठी पिनयॉन स्क्रिप्ट हा राऊंडहँडच्या कुळातला मोफत फॉण्ट आहे. पेटिट फॉर्मल स्क्रिप्ट त्याहून ठेंगणा आणि दणकट, लहान आकारासाठी केलेला. देखणेपणात कमी, पण फोनवर वाचता येतो.

फोनचा विषय निघालाच आहे, तर निम्म्याहून जास्त पाहुणे तुमची पत्रिका व्हॉट्सॲपवरच बघणार हे धरून चाला. छापायची फाइल जेपीईजी करून पाठवली की आधी ती लहान होते, मग दाबली जाते, आणि केसाएवढ्या रेघा करड्या धुक्यात विरतात. फोनसाठी उभ्या आकाराची वेगळी मांडणी करा. त्यात नावं पानाच्या रुंदीभर, पत्ता मोठ्या साध्या अक्षरात, आणि पार्श्वभूमीला फुलापानांचा फोटो नको, कारण फोटोवर बारीक रेघ कुठे संपते आणि देठ कुठे सुरू होतो ते कळत नाही.

आत्ता तुमच्या हातात जो नमुना आहे त्यावर इतकं करा: नावं ४० पॉइंटच्या वर न्या, बाकी इंग्रजी मजकूर बास्करव्हिलमध्ये १० किंवा ११ पॉइंटला लावा, लाल एकाच शाईत घ्या, आणि दुसरा नमुना छापखान्याला त्याच कागदावर काढायला सांगा ज्यावर पूर्ण छपाई होणार आहे. आर्ट पेपरवरचं प्रूफ पाहून हातकागदाला होकार देऊ नका.